बिनखुणेची मादी

धबधब्याच्या वरच्या डोहांतल्या प्रत्येक मोठ्या माशाच्या अंगावर खूण असते, आणि ती रुकमिननेच टोचलेली असते. कातडीखाली रंगाचे दोन बारीक ठिपके. महिन्यातून एकदा मासे जाळीने धरायचे, बाटल्यांतून खाली रस्त्याकडेच्या खोलीवर न्यायचे, औषधाच्या पाण्यात सुस्त करून भिंगाखाली मोजायचे, नव्याने वाढलेल्यांना खूण टोचायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला आपापल्या डोहात सोडायचं. अकरा वर्षं तिचं हेच काम. बोटाच्या पेराएवढे हे मासे त्रिनिदादमध्ये गटारीतही सापडतात. गावात त्यांना मिलियन म्हणतात. ते मोजायचा कुणाला पगार मिळतो, याचं गावाला अजून हसू येतं. तिचा नवरा बासदेव दुकानाच्या कट्ट्यावर सांगतो, "माझा वाढदिवस हिला आठवत नाही. पण सातशे बारा नंबरच्या माशाला पोरं कधी झाली, ते विचारा."

त्या मंगळवारी भिंगाखाली एक वाढलेली मादी आली, आणि तिच्या अंगावर काहीच नव्हतं. एखादी गेल्या महिन्यात जाळीतून निसटली असेल, असं म्हणून रुकमिनने तिला बाजूला ठेवलं. मग दुसरी निघाली. मग एक नर निघाला, फिकट, राखी, शेपटीजवळ नारिंगी रंगाचा एवढासा डाग. रुकमिनने भिंग खाली ठेवलं. असा नर वरच्या डोहात तिने सात-आठ वर्षांत पाहिला नव्हता.

असे नर असतात धबधब्याखाली. तिथे मातावाल नावाचा शिकारी मासा असतो, हातभर लांब, सगळं तोंडच. जो चमकतो तो त्याला आधी दिसतो. म्हणून तिथे फिकट नर टिकतात, आणि माद्या लवकर वयात येऊन पुष्कळ, बारीक पोरं टाकतात, कारण उद्याचा भरवसा नसतो. धबधबा चढून मातावालला वर येता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी मिस अ‍ॅलेन नावाच्या विद्यापीठातल्या बाईंनी खालचे दोनशे मासे बादल्यांतून वर, मासेच नसलेल्या तीन डोहांत नेऊन सोडले. त्या बादल्या उचलायला रुकमिनला रोजावर घेतलं होतं. पुढे वर्षावर्षाला नर रंगीत होत गेले. माद्यांना पोरं उशिरा, थोडी आणि धष्टपुष्ट होऊ लागली. मासे वर येऊन निर्धास्त झाले, नटायला शिकले, असं रुकमिनला वाटायचं.

"एकही मासा बदललेला नाही, रुकमिन," मिस म्हणाल्या होत्या. "जो जसा जन्मला तसाच मेला. कुणाची पोरं मागे राहिली, ते बदललं."

हे तिला ऐकून पटलं नाही. तीन वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी उघडल्या, तेव्हा पटलं. अक्षर तिचंच होतं.

घरी येताना तिचे पाय भरभर पडत होते. अंगणात रविवारच्या पूजेच्या झेंड्या बांबूंवर अजून ताज्या होत्या. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा येतं, म्हणून मोरीशेजारी पिंप असतं आणि डासांच्या अळ्या खायला त्यात खालच्या नदीतले मिलियन सोडलेले असतात. पिंप आतून घासलेलं होतं. पाणी स्वच्छ होतं. त्यात कुणी नव्हतं.

बासदेवची आत्या, जिला घरात सगळे पुआ म्हणत, ओट्याशी भाजलेली वांगी सोलत होती.

"पुआ, पिंपातले मासे कुठे गेले?"

"पूजेला पिंप घासायला नको? पंडित काय हिरव्या पाण्यात हात बुडवणार?"

"मासे कुठे टाकले?"

"टाकीन कशाला? सोडले. गटार मार्चात कोरडी ठणठणीत. खाली नदीत तो तुझा राक्षस. पूजेच्या दिवशी जीव घेऊ का मी?" पुआने वांग्याचं देठ काढलं. "वर नेऊन सोडले. तूच सांगतेस ना, वर त्यांना खाणारं कुणी नाही म्हणून."

रुकमिन जेवताना हे सगळं सांगायची खरी. अकरा वर्षं सांगत होती.

"किती होते?"

"बावीस."

"मोजलेत?"

"तुझ्या घरात राहून तेवढंही शिकणार नाही?"

त्या दिवशी तिची रोटी करपली, वांग्याच्या चोख्यात मीठ दोनदा पडलं.

सकाळी उजाडताच ती जाळी घेऊन वर गेली. मिस शुक्रवारी वही बघायला येणार होत्या. बिनखुणेचे तेवढे काढून टाकले, तर कुणाला कळणार होतं? बुधवारी नऊ सापडले, गुरुवारी सहा. भिंगाखालचे तीन धरून अठरा. चार राहिले. पण ती थांबली ती त्या चारांमुळे नाही. बाटलीतल्या एका मादीचं पोट चपटं होतं. चार दिवसांत ती कुठेतरी मोकळी झाली होती. काठाच्या उथळ पाण्यात नखाएवढी पिल्लं वळवळत होती आणि त्यातली कोणती कुणाची, हे तिच्या डोळ्यांनाही सांगता येत नव्हतं.

ती दगडावर बसली, उठली, परत बसली. गप्प राहिलं तर ही पिल्लं वाढतील, लवकर वयात येतील, आणि ती स्वतः त्यांना खुणा टोचून याच डोहातले म्हणून लिहील. मिस त्या आकड्यांवरून काहीतरी ठरवतील. वही खोटं बोलेल, आणि अक्षर तिचंच असेल.

शुक्रवारी मिस आल्या, तेव्हा तिने टोपीसुद्धा काढू दिली नाही.

"मिस, खालच्या पिंपातले मासे वर गेले. माझ्या घरातून."

मिसनी सगळं ऐकून घेतलं.

"नेमके कुठे सोडले?"

"पहिल्या डोहात. पुआला पुढच्या कड्यावर जायचं होतं, पण गुडघ्याने नाही म्हटलं."

"मग वरचे दोन डोह वाचले असतील. आणि वर मातावाल नाही, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच, मिस."

मिस हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. "पहिल्या डोहाची नोंद इथे थांबली. का थांबली ते तू लिही."

रुकमिनने लिहिलं: बासदेव रामकिसूनच्या घरातले बावीस मासे, रविवारी. 'बासदेव रामकिसूनच्या' खोडून 'माझ्या' लिहिलं. अकरा वर्षांच्या रकान्यांखाली ती ओळ दोन बोटंसुद्धा भरली नाही.

"पावसाळ्यात पाणी चढलं आणि वरच्या डोहांत गेले तर?" तिने विचारलं.

"कडा उंच आहे."

"पण गेले तर?"

"म्हणून तर तू आहेस," मिस म्हणाल्या. त्याने तिला काडीचंही बरं वाटलं नाही.

अठरा मासे वर ठेवता येत नव्हते. ते बादलीतून घरी आले आणि पिंपात गेले. पुआ वाकून बघत राहिली.

"परत आणलेस? तिथे कुणी खायला उठलं का त्यांना?"

"नाही."

"मग?"

रुकमिनला सांगायचं होतं, की तिथे खाणारं कुणी नाही, म्हणूनच आणले. पण ते सांगायला तीन वर्षांच्या वह्या काढाव्या लागल्या असत्या. "तिथे जागा भरलीय, पुआ," ती म्हणाली आणि आत गेली.

डाळ शिजत ठेवली आणि ती पुन्हा बाहेर आली. पिंपात डोकावून मोजलं. अठरा. आत जाऊन डाळ ढवळली, आणि झाकणही न ठेवता, जाळी उचलून ती वरच्या वाटेला लागली. चार अजून तिथेच होते.