लांब गाडीचं ॲव्हरेज

आमच्या लातुरात कुणाच्या दारात नवी गाडी दिसली की माणूस आधी बॉनेटवर हात फिरवतो आणि मग एकच विचारतो, ॲव्हरेज किती देती? किंमत नंतर. माझ्या आप्पांनी म्हातारपणी एक लांबलचक, काळी, पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली होती. तिच्याबद्दल हा प्रश्न कुणी विचारला की आप्पांचा चेहरा पडायचा. ती गाडी आठवली की माझं तोंड आजही कडू होतं.

गाडीच्या आधी भूकंप सांगायला पाहिजे. आप्पा तेव्हा औशाकडच्या एका खेड्यात गणिताचे मास्तर होते. त्या पहाटे आमचं माळवदाचं घर बसलं आणि आईचा उजवा पाय दगडमातीखाली सापडला. शेजाऱ्यांनी हातांनी उकरून तिला काढलं, बाजेवर घालून सडकेला आणून ठेवलं. उजाडल्यावर पहिलं वाहन आलं ते एका ठेकेदाराचं. पांढरी, ऐसपैस, पेट्रोलची गाडी. मागची सीट पूर्ण मोकळी. आप्पांनी हात जोडले, त्याच्या दारावर डोकं टेकलं. मी चांगली कळती होते, शेजारीच उभी होते. त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "मास्तर, ही गाडी लई पेट्रोल पिती. टाकीत हाय ते माझ्यापुरतंच हाय. वजन घेतलं तर मधीच बंद पडंल." काच वर गेली, गाडी गेली. आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धक्के खात दुपारी लातूरच्या दवाखान्यात पोचली. पाय मांडीपासून काढावा लागला. लवकर आणलं असतं तर बघता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य आप्पा पुढं कित्येक वर्षं जेवताना मधेच स्वतःशी म्हणायचे.

आम्ही लातूरला आलो. आप्पांनी पत्र्याच्या शेडमध्ये शिकवण्या सुरू केल्या. मग गावात क्लासचं असं काही पेव फुटलं की विचारू नका. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी मेसचे डबे, चौकाचौकात नंबरात आलेल्या पोरांचे फोटो. शेडची बघता बघता तीन मजली इमारत झाली. पैसा आला तसे आप्पा मोटारीच्या मागं लागले. लहान घ्या, डिझेलची घ्या, सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण त्यांना मोठीच पाहिजे होती. हैदराबादहून गाडी आणली, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. आईला सगळ्यांच्या आधी मागच्या सीटवर बसवलं आणि क्लासच्या पोरांसमोर म्हणाले, "आता तुला कुणाच्या गाडीपुढं पडून राहायची पाळी येणार न्हाई. टाकी कायम फुल ठेवीन." आई रडली, मीही रडले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला माझ्या बापाचा अभिमान वाटला होता.

तो अभिमान वर्षभर टिकला असेल. गावात ती गाडी सहाच्या वर ॲव्हरेज देईना. आता गाडी उंची म्हणून पेट्रोलही उंचीच पाहिजे, हा आप्पांचा हट्ट. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात साधं पेट्रोल चालतं असं स्वच्छ लिहिलेलं माझ्या नवऱ्यानं वाचून दाखवलं. पुस्तकं मी लई शिकवलीत, आप्पा म्हणाले. सकाळच्या गारव्यात पंपावर जायचं, कारण तेव्हा पेट्रोल मापाला जास्त येतं म्हणे. तिथं फिल्टर पेपर मागायचा, त्यावर थेंब टाकायचा आणि भेसळीचा डाग राहतो का ते बघत बसायचं. मागं रांगेतले रिक्षावाले शिव्या घालायचे.

ही झाली मिजास. आता काटकसर ऐका. चढ लागला की एसी बंद. काचाही उघडायच्या नाहीत, वारा भरला की पेट्रोल जास्त लागतं. आई मागं घामानं चिंब व्हायची. मग ते वजनाच्या मागं लागले. डिकीतली पाण्याची कॅन काढली, सतरंजी काढली, आईच्या पाठीमागची उशीसुद्धा काढली. शेवटी टाकीही अर्धीच भरायला लागले. का, तर पेट्रोललाबी वजन असतंय. फुल टाकीचा शब्द कुणी त्यांना आठवून दिला नाही. हत्ती पाळायचा हौसेनं आणि चारा घालायचा मोजून, अशातली गत.

माझी मुलगी तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती. गॅदरिंगला तिला बक्षीस मिळणार होतं. आजी, तू पहिल्या रांगेत दिसली पाहिजेस, असं तिनं फोनवर बजावलं. कृत्रिम पाय आईला कधी सोसला नव्हता, वयानं कुबड्याही सुटल्या होत्या. आता चाकाच्या खुर्चीवाचून तिचं पान हलत नव्हतं. आठ दिवस तिची तयारी चालली. ठेवणीतलं इरकल काढलं. खुर्चीच्या चाकांना मला तेल घालायला लावलं, करकर वाजली तर पोरीला लाज वाटंल म्हणाली.

निघताना मी आईला गाडीत बसवलं, खुर्चीची घडी घालून डिकीत ठेवली आणि डबा आणायला आत गेले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. समोरच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा वर चढत होता आणि आप्पा खुशीत होते. कॉलेजात पोचल्यावर मी डिकी उघडली. आत काही नव्हतं.

खुर्ची कुठं आहे म्हणून मी विचारलं. आप्पांनी पडद्यावरची नजरही काढली नाही. "तू आत गेलीस तवा काढून ठेवली. लोखंडाचं धूड ते. हितं पोरं हायत की, उचलून नेतील."

पोरं खरंच आली, गुणाची होती बिचारी. पण बाजेवरून उचलून सडकेला आणल्यापासून आईनं परक्या माणसाला अंगाला हात लावू दिला नव्हता. नको रे बाळांनो, म्हणाली. मी सगळीकडं विचारलं, चाकाची खुर्ची कुठं मिळाली नाही. तू जा, पोरीला कुणीतरी दिसू दे, म्हणून तिनंच मला पाठवलं. आप्पा आधीच जाऊन पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवर आलेली माझी मुलगी बक्षीस घेईपर्यंत आजीला शोधत होती. त्या वेळी आई कडुलिंबाखाली, एसी बंद केलेल्या गाडीत, ठेवणीतलं इरकल नेसून बसली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

परतीला लातूर जवळ आलं तसा आप्पांनी पडद्यावर बोटानं टकटक केलं. "बघा, आज बारा दिलं. खायचं काम न्हाई."

मागून आई म्हणाली, "त्या ठेकेदारानं निदान काच खाली करून तोंडावर सांगितलं होतं."

आप्पांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि मग परत चालू केली. आई त्यानंतर त्या गाडीत बसली नाही. दोन वर्षांनी तिला दवाखान्यात हलवायची वेळ आली. आप्पा भल्या सकाळी जाऊन टाकी फुल करून आले, डिकी उघडून दारात उभे राहिले. आईनं मला रिक्षा बोलवायला लावली. रिक्षावाल्यानं तिची खुर्ची टपावर बांधली, आणि आम्ही आप्पांच्या समोरून गेलो.