सीनीच्या पंपावर रेंजची एकच काडी

मिशिगनच्या वरच्या टोकाला, लेक सुपीरियरच्या काठावर, चार दिवस केबिन घेऊन राहायचं हे मी मे महिन्यातच ठरवलं होतं. नागपूरहून बाबा येणार होते आणि त्यांना तिथले रंगीत दगडी कडे दाखवायचे होते. बुकिंग कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत, ही अट मी हसत हसत मान्य केली. कॅन्सल कोण करणार होतं?

ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली.

आमच्या नोव्हाय शहरात हे नवीन नाही. गाड्यांच्या कंपन्या माणसं घेतात नि काढतात. पण नवऱ्याचा, म्हणजे नीलेशचा, आणि माझा दोघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. घरात पक्की अमेरिकन एकच, आमची नऊ वर्षांची सलोनी. बाबा नेमके त्याच आठवड्यात आले, पण त्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी लॅपटॉप उचलून 'ऑफिसला' निघायचे आणि लायब्ररीत बसून अर्ज भरायचे. शहाणपणा म्हणा की मूर्खपणा, पण म्हाताऱ्या माणसाची सुटी कशाला नासवायची?

तीन आठवड्यांनी एका कंपनीत गाडी शेवटच्या फेरीपर्यंत आली. मॅनेजर गुरुवारी किंवा शुक्रवारी फोन करणार होता. नीलेश म्हणाला, "जाऊन ये यार, फोन काय तिथेही येईल." त्याची परीक्षा होती, म्हणून तो घरी राहिला. बाबा, सलोनी आणि मी बुधवारी पहाटे निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगते: नोव्हायहून मॅकिनॉ पूल साडेचार तास, आय-७५ सरळ उत्तरेला. पुलाचा टोल चार डॉलर. पूल असा लांबलचक आणि उंच की बाबा खिडकीची काच खाली करून नुसते पाहत राहिले. "बाप्पा! एवढी केबल ओढली कशी असंल यांनी?" चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते, जगात कुठंही गेले तरी आधी तारा दिसतात त्यांना.

पूल ओलांडला की झाडं आणि आभाळ, बस. सीनी गावाच्या पुढे तर रस्ता पंचवीस मैल आखल्यासारखा सरळ जातो. सीनीच्या पंपावर पेट्रोल भरा, पुढे काही नाही. तिथे मी नीलेशला फोन लावला. रेंजची एकच काडी होती, पण लागला. "कसली भिकार रेंज!" म्हणून मी करवादले. पाऊण तासानं म्युनिसिंगला पोचलो तर फोनवर चारही काड्या आणि शेजारी ठसठशीत LTE, म्हणजे आपलं 4G. जीव भांड्यात पडला.

गुरुवारी सकाळी बोटीनं कडे पाहिले. तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळत नाही. दगडांतून लोखंड, तांबं झिरपून कड्यांवर लाल, हिरवे, काळे ओघळ उतरलेत आणि खाली पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. सलोनी ओरडली, "आजोबा, लुक, इट्स ड्रिपिंग कलर!" मी फोटो काढत होते आणि दर दोन मिनिटांनी काड्या बघत होते. चार. एकदम चार.

बोटीतून उतरले आणि फोनमध्ये व्हॉइसमेल येऊन पडला. मॅनेजरनं दोनदा फोन केला होता. घंटी एकदाही वाजली नव्हती.

मी उलटा फोन लावला. तीन सेकंद शांतता, मग कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. नेट मात्र धावत होतं, म्हणून इमेल केलं. मॅनेजरचं उत्तर आलं: उद्या सकाळी दहाला परत फोन करतो, मी प्लांटवर असेन म्हणून व्हिडिओ नाही, फोनच, दुपारी टीमला नाव कळवायचं आहे. म्हणजे शेवटची संधी.

मग मी ते सगळं केलं जे आपण करतो. फोन बंद-चालू केला, एअरप्लेन मोड केला, सिम काढून पदरानं पुसावं तसं टीशर्टला पुसलं. वायफाय कॉलिंगचं बटण माझ्या फोनमध्ये नव्हतंच. फोन नागपूरहून आणलेला, नोव्हायला कधी अडला नव्हता. दिवाळीत तिकडे स्वस्त मिळाला, आणि दोन सिम हवेतच ना, एक इथलं आणि एक तिकडचं, बँकेच्या ओटीपीसाठी! आपल्यापैकी कोणाकडे नाही सांगा?

"कोणाचा फोन आहे?" बाबांनी विचारलं.

"ऑफिसचा. अर्जंट आहे."

त्यांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि खिशातून छोटी डायरी काढली. "हात नको लावू आता त्याले. आधी तक्रार नीट लिहू. कुठं लागला, कुठं नाही, स्क्रीनवर काय होतं, सगळं सांग."

"बाबा, ही तुमची तांब्याची तार नाहीये!"

"फॉल्ट तो फॉल्ट. सांग."

मी चिडचिडत सांगत गेले, ते पेन्सिलनं रकाने भरत गेले. स्क्रीनवरचं मला काही आठवेना. पण सलोनीनं वाटभर माझ्या फोनचे स्क्रीनशॉट काढून नीलेशला पाठवले होते, तिचा खेळ. ते आमच्या कामी आले. पुलाच्या अलीकडचं गेलॉर्ड: LTE, फुल, लागला नाही. पुलापलीकडे: 3G, दोन काड्या, लागला. सीनी: 3G, एक काडी, लागला. म्युनिसिंग: LTE, फुल, नाही. केबिन: LTE, फुल, नाही.

बाबांनी डायरी माझ्यापुढे धरली. "पाह्य. जिथं हे LTE लिहून येते, तिथं तुझा फोन मुका. जिथं ते जाते, तिथं बोलते. तू कालपासून उलट्या दिशेनं पळून राहिली."

खरंच की! काड्या जास्त तिकडे मी धावत होते.

संध्याकाळी पास्टी, म्हणजे मांस-बटाटे भरलेली भाजकी करंजी, खायला गेलो. इथल्या जुन्या खाणकामगारांचं हे जेवण, आपल्या करंजीएवढं नाही, करंजीच्या आजीएवढं! भाज्यांचीही मिळते, तीच घ्या, सोबत सॉस मागून. दुकानाच्या मालकीणबाईंना बाबांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हिच टॉवर न्यू, व्हिच टॉवर ओल्ड?" बाई खूश झाल्या. म्हणाल्या, फोन कंपनी यंदा एकेक टॉवरवरचं जुनं 3G बंद करून नुसतं LTE ठेवतेय, गावातले झाले, सीनीकडचा जुना अजून चालू आहे. कंपनीच्या दुकानातून घेतलेल्या फोनना त्रास नाही. बाहेरून आणलेल्या काही फोनना कंपनी LTE वरून बोलू देत नाही. "त्यांनी मेसेज पाठवले असतील ना तुम्हाला?"

पाठवले होते. तीन. 'तुमचा फोन कॉलसाठी चालणार नाही' असं काहीतरी. मी जाहिरात समजून डिलीट केले होते. घ्या!

बाईंनी डायरी हातात घेऊन सगळे रकाने वाचले आणि म्हणाल्या, या माणसाला कंपनीनं नोकरीवर ठेवायला हवं. बाबा लाजले.

शुक्रवारी सव्वानऊला आम्ही सीनीच्या पंपावर हजर. बाबांनी सेटिंगमध्ये जाऊन फोन फक्त 3G वर ठेवायला लावला, भारतातलं सिम काढून सलोनीच्या मुठीत दिलं आणि नीलेशला फोन करून मला उलटा फोन करायला सांगितलं. वाजला. "दहा वेळा वाजला की मग विश्वास," म्हणाले, आणि खरंच नीलेशकडून दहा वेळा वाजवून घेतला. मग सलोनीला घेऊन पंपामागे नदी बघायला निघून गेले.

दहा वाजून चार मिनिटांनी घंटी वाजली. एका काडीवर मी बावीस मिनिटं बोलले. एक शब्द तुटला नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, "वेलकम अबोर्ड," आणि मी पंपाच्या भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडले.

बाबा आले तेव्हा सगळं ओकून टाकलं. नोकरी, व्हिसा, साठ दिवस, लायब्ररी.

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "आल्यावर चौथ्या दिवशी फिरत फिरत लायब्ररीत गेलतो पेपर पाहाले. तू काचेपाशी बसली होती. मग मी तिकडं जाणं सोडलं. तळ्याकडं फिरत होतो."

"बोलला का नाहीत?"

"तू सांगितलं नव्हतं ना."

त्यांच्या मायेचा आणि धीराचा इतका अभिमान वाटला की नुसती बिलगले.

शनिवारी परतलो. प्रवासाचा निष्कर्ष विचाराल तर: जा, नक्की जा, जॅकेट न्या, टाकी भरलेली ठेवा आणि फोन इथल्या कंपनीचाच घ्या. कड्यांचे रंग अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. पण सगळ्यात जास्त काय राहिलं ते घरी आल्यावर कळलं.

रविवारी सकाळी आईला नागपूरला फोन लावला. तीन आठवडे ती रोज बोलत होती. मेथी, शेजारणीची सून, विहारातला कार्यक्रम, सलोनीचे दात. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, की एरवी पहिला प्रश्न जो असतो, तो या तीन आठवड्यांत तिनं एकदाही विचारला नव्हता.

"आई," मी म्हटलं, "नोकरी लागली."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आता विचारू ना गं बाई? ऑफिस कसं आहे?"