हनुवटीवरचे पाच टिपके

चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकत असतील. वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करा. तोंडानं सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

खडकवासल्याच्या बाजूला आमचं गाव. मी सात वर्षांची असताना गोंदणारीण दारात आली. आईनं माझं डोकं मांडीत आवळून धरलं. कपाळावर उभी रेघ, हनुवटीवर पाच टिपके. मी रडले तेव्हा आई म्हणाली, "दागिनं हितंच ऱ्हात्यात. हे तेवढं मेल्यावर संगं येतं."

पुढे ते गावंढळ ठरलं. नारायण पेठेत एका बाईंकडे मी स्वयंपाकाला जाते. तिथं पाहुणे आले की मी ओट्याकडे तोंड करून उभी राहायचे. मुलीला स्थळं येऊ लागली तेव्हा ती म्हणाली, "आई, ते लोक असेपर्यंत तू आतच बस ना." रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. बाईंकडून पगारावर उचल घेतली आणि दवाखान्यात जाऊन तोंडावरचं सगळं लेसरनं काढून घेतलं. सहा खेपा झाल्या. हिरवं गेलं, पांढरट डाग राहिले. लग्नात मी पुढे उभी होते.

त्याला दोन वर्षं झाली नाहीत. यंदा संक्रांतीला मुलगी आली ती नऊवारी, नथ आणि हनुवटीवर टिपके घेऊन. खरे, सुईनं काढलेले. तिच्या मैत्रिणींनीही काढलेत म्हणे.

"आता हेच चालतं गं. तुझ्यासारखेच हवे होते, पण तुझा जवळून फोटोच नाही. किती होते, तीन की पाच?"

"पाच," मी म्हटलं.

"मग दोन राहिले माझे," म्हणून ती हसली.

तिनं टिपके गोंदवून घेतले त्या दुकानात मी कुणाला न सांगता गेले. तिथल्या माणसानं हनुवटी चाचपली आणि म्हणाला, कातडी भाजलेली आहे, शाई पसरेल, मी करणार नाही. त्या दिवसापासून एकच घोर लागलाय. आई मला तिकडे कशावरून ओळखेल? मुलीला हे सांगवत नाही. बाईंना एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, पुसायलाही पैसे, परत काढायलाही पैसे, फॅशनवाल्यांचं बरं आहे.

आज पगार झाला. बाईंनी त्यातून उचलीचे शेवटचे हजार कापून घेतले आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचे सगळे फिटले."