चिमाबाईची शेगडी

लोणावळ्यातल्या आमच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे टपरीला हॉटेल म्हणण्यासारखंच होतं. कौलांखाली चार टेबलं, आणि निवृत्तीशेठ तिथं पाण्याच्या पंपांसाठी कंट्रोलच्या पेट्या बनवून घेत. मी वायरी सोलायचे. शेजारच्या टेबलावर चिमाबाई बसायची. आज त्या पेट्यांची आठवण काढणारे भेटतात, पण तिचं नाव कुणी घेत नाही. मला याचा राग येतो, म्हणून हे लिहिते आहे.

चिमाबाई भुशीच्या वरच्या अंगाच्या डोंगरवाडीतली. लहानपणी डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन बाजारात उतरायची. आमच्याकडे ती पॅकिंगला लागली, पण हात इतका हलका, की शेठनी तिला सोल्डरच्या, म्हणजे कथील वितळवून जोड द्यायच्या, टेबलावर बसवलं. पेटीतला, टाकीत पाणी किती याचा हिशेब करणारा भाग पाच व्होल्टवर चालायचा आणि पंप सुरू करणारा रिले बारा व्होल्टवर. पाचाचा निरोप बाराला कळावा म्हणून मधे एक छोटी पट्टी असे. तिला आम्ही मध्यस्थ म्हणायचो. ती पट्टी चिमाबाई जोडायची. टेबलखुर्चीवर बसून काम करणारी तिच्या वाडीतली ती पहिलीच. टेबल पुसायचं फडकं ती घरून धुऊन आणायची, यावरून काय ते समजा.

तिच्या वाडीची एक रीत होती. थंडीत जिच्या घरी आधी जाळ होईल, तिनं शेजारणींना शेकायला हाक मारायची. शेकल्याशिवाय कुणी कामाला हात लावायचा नाही. ती रीत तिनं आमच्याकडे आणली. सगळ्यांच्या आधी येऊन तपासणीच्या टेबलाखाली कोळशाची शेगडी पेटवायची. शेठ धुराच्या नावानं कुरकुरायचे आणि पाय मात्र शेगडीकडेच करून बसायचे.

पंच्याहत्तर सालच्या थंडीत भुशीकडच्या एका पंपघरातून पेटी परत आली. पहाटे टाकी रिकामी झाली तरी पंप सुरू होत नव्हता, ऊन चढलं की आपोआप सुरू. आमचे डिप्लोमावाले गोरखभाऊ यांनी ती तपासणीच्या टेबलावर लावली, तर शहाण्या सुनेसारखी वागली. परत पाठवली, पहाटे पुन्हा बंद. मग सगळ्यांचं बोट मध्यस्थाकडे गेलं: चिमाबाईचे जोड कच्चे असणार. तिनं सगळे जोड नव्यानं केले. टेबलावर पेटी ठणठणीत, पंपघरात मुकी. शेठनी आवाज न चढवता सांगितलं, की आता पेटी परत आली तर चिमाबाईनं पुन्हा पॅकिंगला जावं. त्या दुपारी तिनं डबा उघडला नाही. मी समजूत घालायला गेले.

"शकू, माजा जोड कच्चा न्हाई," ती म्हणाली. "पर मी तितं गेल्याबिगर कोन मानंल?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गोरखभाऊंबरोबर पंपघरात गेली. मला राहवेना, म्हणून मीही गेले. पत्र्याचं छप्पर, खिडकीला फटी, आत हाडं गोठवणारा गारठा. रखवालदार अंबाजीआबा घोंगडी पांघरून शेगडीपाशी बसले होते. पेटीवरचा दिवा लागलेला, म्हणजे हिशेबाचा भाग पंप सुरू करायला सांगत होता. रिले मात्र ढिम्म. गोरखभाऊ मीटर लावायला गेले तर त्यांची बोटं वळेनात. चिमाबाईनं सवयीनं आबांची शेगडी ओढून पेटीखाली सरकवली आणि आधी शेकून घ्या म्हणाली. भाऊ हात शेकत असतानाच रिले टक् वाजला आणि पंप घरघरू लागला.

आबा हसले. चिमाबाई हसली नाही. तिनं शेगडी उचलून दाराबाहेर ठेवली आणि भाऊंना पेटी बंद करून गार होऊ द्यायला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा लावली, तर रिले ढिम्म. शेगडी आत आणली, की टक्.

"भाऊ, कारखान्यात हिला मीच शेकवीत व्हते," ती म्हणाली. "टेबलाखाली माजीच शेगडी."

आता भाऊंना मीटर कुठं लावायचा ते कळलं. मध्यस्थातला ट्रान्झिस्टर थंडीत मंदावत होता. पाच व्होल्टकडून त्याला मिळणारा रेटा उबेत जेमतेम पुरायचा, गारठ्यात कमी पडायचा. रेटा अडवणारा रेझिस्टर भाऊंनीच गरजेपेक्षा मोठा निवडला होता, आणि त्यांनी ते आढेवेढे न घेता कबूल केलं. पिशवीतून कमी ओहमचा, म्हणजे कमी अडवणारा, रेझिस्टर काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. शेगडी बाहेर, दार उघडं, आणि चिमाबाईनं कुडकुडत जोड दिला. रिले टक् वाजला तेव्हा मला रडू आलं, ती मात्र सोल्डरची इस्तरी गार करून फडक्यात गुंडाळत होती.

टेबल तिचंच राहिलं. मला वाटलं, आता शेगडी बंद होणार. पण चिमाबाई ऐकते कुठली. शेगडी रोज पेटायची, फक्त त्याआधी प्रत्येक नवी पेटी मागच्या ओट्यावर गारठ्यात चालून दाखवायची. पुढच्या थंडीत तिच्याच वाडीतली सावित्राबाई जोडकाम शिकायला आली. शेठनी तिच्यासाठी पाचवं टेबल करून घेतलं. पहिल्याच सकाळी ती नवी पेटी मांडीवर घेऊन वाडीच्या रीतीप्रमाणं शेगडीपाशी टेकली. चिमाबाईनं तिला हाताला धरून उठवलं आणि ओट्याकडे वळवलं.

"आदी तिला कुडकुडू दे, सावित्रा. मग तू शेक."