झूलवाल्यानं फोडलेली टाकी

मागच्या दिवाळीनंतर नांदेडला लेकीकडं गेले होते, तेव्हा ती मला मॉलमधल्या थिएटरात घेऊन गेली. पिक्चर उडणाऱ्या माणसाचा होता. एवढ्या मोठ्या गारेगार हॉलमध्ये आम्ही दोघी आणि मागं एक जोडपं. त्या जोडप्याचं पडद्याकडं अजिबात लक्ष नव्हतं. पडद्यावर शहरंच्या शहरं कोसळत होती आणि मला जांभया येत होत्या. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, हे सुपरहिरोचे पिक्चर आता सगळे पडायलेत. सगळं कॉम्प्युटरवर करतात, लोकांना खरं वाटत नाही." ती बँकेत आहे, तिच्याकडं प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. मी म्हटलं, "खरं वाटलं म्हणून पहिल्याच खेळाला पडलेला पिक्चर मी बघितलाय." ती हसली आणि रिक्षा शोधायला लागली.

तिचा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. देवणीच्या बाजूला एका बाजाराच्या गावात आमचा तंबू टॉकीज होता. माझा नवरा नांदेडच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायला शिकला आणि पुढं कुणाचा तरी मोडीत निघालेला तंबू अन् जुनं मशीन घेऊन या गावात आला. तो मशीनवर, मी बायकांच्या तिकीट खिडकीवर. खिडकी कसली, कनातीला पाडलेलं भोक. पण त्या भोकामागं एक लोखंडी खुर्ची होती आणि तिच्यावर मी बसायची.

जिल्हा आला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. गावातली माणसं म्हणायची, "जिल्हा आपल्याला दिला, पाणी जुन्या जिल्ह्यानंच ठिवून घेतलं." टँकरवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवलं होतं, पण रंग इतका पातळ की दोन्ही जिल्हे वाचता यायचे. अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. देवणी बैलांच्या जोड्या, ज्यांच्या शिंगांना लोक आपल्या पोरांपेक्षा जास्त तेल लावायचे, त्या बाजारात मातीमोल गेल्या. आमच्या तंबूत रोज तीच चार डोकी.

एका दुपारी नवऱ्यानं सांगून टाकलं, "आता एक लई मोठा पिक्चर आणायलोय. ह्यो चालला तर ठीक. न्हाई चालला तर तंबू मोडायचा. मशीनला देगलूरचं एक गिऱ्हाईक हाय. आपुन दोघं दुष्काळी कामावर, खडी फोडायला."

खडी फोडायची मला लाज नव्हती, माझ्या आईनं जन्मभर तेच केलं होतं. पण आमचं घर बौद्ध, आणि त्या गावात मी खुर्चीवर बसलेली आणि बाकीच्या बायका माझ्यासमोर उभ्या, असं दिसायची ती एकच जागा होती. ती खुर्ची मला सोडायची नव्हती. हे मी नवऱ्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याला ते माहीत असावं.

पिक्चरची पेटी नांदेडहून एस.टी.च्या टपावर आली. पिक्चर परदेशातला होता, पण सगळी गोरी माणसं फर्डं हिंदी बोलायची. पोस्टरवर एक धिप्पाड गडी आभाळात आडवा झालेला, अंगाला चिकटलेले कपडे आणि पाठीवर लाल कापड. आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालतात. गावानं पोस्टर बघितलं आणि दुपारपर्यंत त्याचं नाव झूलवाला पडलं. पिक्चरचं खरं नाव कुणी घेतलंच नाही. पोस्टरवर खाली छापलं होतं की यातला पाण्याच्या टाकीचा सीन असा कधीच कुठं झाला नाही. नवरा तेच वाक्य टांग्यातून भोंग्यावर ओरडत फिरला.

त्या दिवसांत आमचा खेळ घड्याळावर नसायचा, टँकरवर असायचा. टँकर दिवेलागणीला यायचा आणि तंबूशेजारच्या बाजार मैदानातच उभा राहायचा. तो रिकामा झाला की आमचा खेळ सुरू. बायका घागर भरून घरी जाऊन परत येईपर्यंत निम्मा पिक्चर झालेला असायचा, म्हणून त्या घागरीसकट तंबूत यायच्या. बाहेर ठेवली तर पाणी चोरीला जायचं. सोनं उघड्यावर राहिलं असतं, पाणी नाही. माझ्या खुर्चीमागं घागरींची जागा केली होती आणि त्यांच्यावर नजर ठेवायचं काम माझं. पडद्यासमोर कोण कुणाला चिकटून बसलंय हे अंधारात कुणी बघत नव्हतं, पण पाण्याचं तसं नव्हतं. गावातल्या घागरी एकीकडं, आमच्या वस्तीतल्या दुसरीकडं, मध्ये विटांची एक ओळ. ती ओळ कुणी लावली ते ठाऊक नाही. एका संध्याकाळी होती, एवढं खरं.

पाटलाच्या गल्लीतली एक म्हातारी होती, ती तेवढ्यानंही समाधानी नव्हती. ती आपली पितळी घागर विटांपासून लांब, पार कनातीच्या कडेला ठेवायची, वर फडकं बांधायची, आणि मग घागरीकडं तोंड करून तिरकी बसायची. पिक्चर तिला मान वळवून बघावा लागायचा. माझा हात लागेल म्हणून ही राखण. मला तिचा राग यायचा, आणि तिची मान दुखत असेल याचा आनंदही व्हायचा.

पहिल्या दिवशी तंबू भरला. झूलवाला उडाला तेव्हा शिट्ट्या, गाडी उचलली तेव्हा शिट्ट्या. मी खुर्चीवरून वळून बघत होते आणि मनात म्हणत होते, राहिला तंबू. मध्यंतरानंतर तो टाकीचा सीन आला. शहराच्या मधोमध उंच खांबांवर पाण्याची टाकी. झूलवाला आणि दुसरा एक राक्षसासारखा गडी हवेत मारामारी करतात, झूलवाला त्याला असा ठोसा मारतो की तो जाऊन टाकीवर आदळतो आणि टाकी फुटते. पाणी खाली आलं. रस्ते भरले, दुकानं भरली, गाड्या तरंगायला लागल्या. येतच राहिलं.

तंबूत कुणी हूं की चूं केलं नाही. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांचे हात तोंडापाशी आले आणि तिथंच राहिले. मी इतकी माणसं इतकी गप्प कधी बघितली नव्हती, मयतीलाही नाही. सगळ्यांनी दिवसभर ज्याच्यासाठी रांग धरली होती ते समोर वाहून चाललं होतं, आणि तो झूलवाला त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हता. ती म्हातारी उठून उभी राहिली आणि पडद्याकडं बोट करून म्हणाली, "आरं मुडद्या, गावाचं पाणी सांडायलास. तुला आई हाय का न्हाई?"

कुणी हसलं नाही. एक जण उठला, मग चार उठले, मग रांगा उठल्या. पिक्चरच्या शेवटी झूलवाला जिंकला तेव्हा ते बघायला तंबूत कोण होतं, तर दोन झोपलेली पोरं. ज्या सीनवर पोस्टर छापलं, त्याच सीननं आम्हाला बुडवलं.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी तंबूवाले जे करतात तेच केलं. नको तो तुकडा कापायचा आणि दोन टोकं चिकटवायची. लांबलेली गाणी, रडारड, भाषणं, सगळं तो असंच कापायचा. त्यानं टाकीचा सीन कापून डब्यात ठेवला आणि म्हणाला, "आता बघ कसा पळतो."

संध्याकाळी टँकर गेला आणि खिडकीसमोर बायकांची रांग लागली. कालच्यापेक्षा मोठी. मला वाटलं, कालच्या तिकिटाचे पैसे परत मागायला आल्या. पहिलीनं घागर ठेवली आणि हळूच विचारलं, "ती टाकी कधी फुटती गं? म्हंजी पहिल्यापासून बसावं लागतंय का?"

मला काही कळेना. दुसरी म्हणाली, "रातभर डोळ्यापुढून हालंना. एवढं पाणी मी उभ्या जन्मात बघितलं न्हाई." तिसरीला झूलवाला माहीतच नव्हता, तिला कुणीतरी सांगितलं होतं की तंबूत पाणी दाखवायलेत. काल ज्या शिव्या देत उठून गेल्या होत्या त्याच या बायका. मी खुर्ची सोडून मशीनकडं पळाले आणि नवऱ्याला म्हटलं, "ते जोडा. आत्ताच्या आत्ता जोडा." तो कापलेल्या तुकड्याचा डबा शोधायला लागला.

त्यानंतर आमचा तंबू रोज भरला. शेजारच्या गावांहून गाड्या जुंपून लोक यायचे. टाकी फुटायच्या आधी कुजबुज सुरू व्हायची, फुटली की तीच शांतता, आणि सीन संपला की निम्मे लोक उठून घरी. झूलवाला पुढं जगला की मेला, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. म्हातारीही रोज यायची, तिरकी बसायची, रोज त्याला एक नवी शिवी द्यायची. मी खुर्चीवर होते आणि खडीचं नाव निघत नव्हतं.

मग एका संध्याकाळी टाकी फुटली आणि पुढच्या रांगांतून आवाज आला, "थांबव. तितंच थांबव." सगळा तंबूच म्हणायला लागला. नवरा पडला हौशी माणूस. इतकी वर्षं लोक त्याच्यावर मशीन बंद पडलं म्हणून ओरडले होते, पहिल्यांदा कुणी प्रेमानं बंद कर म्हणत होतं. त्यानं मशीन थांबवलं. दिव्याचा जाळ रिळावर पडत असतो, ते पळतं म्हणून वाचतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण थांबवलं.

पडद्यावर पाणी थांबलं. निळंशार, तंबूभर. क्षणभर सगळ्यांना ते मिळालं. मग त्या पाण्याच्या मधोमध एक तपकिरी डाग पडला, तो उकळायला लागला, त्याला भोक पडलं. पाणी जळत होतं. एक बाई किंचाळली. नवऱ्यानं गडबडीत दिव्याचं झाकण उघडलं आणि आतली कार्बनची पेटती कांडी उडून खालच्या पोत्यावर पडली. पोतं पेटलं आणि त्याच्या जाळानं कनात धरली. दुष्काळातली कनात, ती काय वाट बघणार. त्यानं जनरेटर बंद केला आणि तंबूत आगीचा तेवढा उजेड राहिला.

लोक बाहेर पळाले. मी पळाले नाही, कारण माझ्यामागं सगळ्या गावाचं पाणी होतं आणि ते सांभाळायचं काम माझं होतं. मी घागरींसमोर हात पसरून उभी राहिले. हे आठवलं की मला अजून धक्का बसतो. तंबू पेटला होता, माझी खुर्ची जाणार होती, माझा संसार पेटत होता, आणि मी पाण्याची राखण करत होते. एकही घागर उचलायचं माझ्या मनात आलं नाही. पाणी ओतायचं असतं हेच मी विसरून गेले होते.

आग कनातीच्या कडेनं आली. तिथं सगळ्यात जवळ होती ती म्हातारीची पितळी घागर. म्हातारी तिच्यापाशीच उभी होती, पण तिला ती भरलेली घागर वर उचलेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी घागरीकडं बघितलं आणि जागची हलले नाही.

"बघत काय राहिलीस," ती म्हणाली, "उचल."

मी उचलली आणि ओतली. मग मागून वस्तीतल्या बायका आल्या, गल्लीतल्या आल्या, विटा पायांनी उडाल्या, कोण कुणाची घागर उचलतंय ते आगीच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं आणि कुणी कुणाला अडवलं नाही. दिवसभराच्या रांगेचं पाणी. त्यातला एक थेंब कुणी मागं ठेवला नाही. एका बाजूची कनात गेली, मशीन वाचलं, तंबू उभा राहिला.

नंतर सगळीकडं चिखल, धूर, आणि रिकाम्या घागरी आडव्या पडलेल्या. घरी पोरं तहानलेली असणार आणि पुढचा टँकर उद्या संध्याकाळी. आता या मला फाडून खाणार, असं मला वाटलं, आणि त्यांनी खाल्लं असतं तरी माझी तक्रार नव्हती. म्हातारीनं पदरानं तोंडावरची काजळी पुसली आणि चिखलातच खाली बसली.

"पाणी तर गेलं," ती म्हणाली. "आता ऱ्हायलेला पिक्चर तरी दाखव म्हणावं तुझ्या नवऱ्याला."

त्या दिवशी पहिल्यांदा अख्ख्या तंबूनं झूलवाल्याचा शेवट बघितला. एका बाजूनं वारा येत होता आणि पडदा हलत होता, म्हणून तो थोडा वाकडा उडत होता.

दुसऱ्या दिवशी टँकर गेल्यावर म्हातारी आली. घागर राखेनं घासून घासून लख्ख केलेली. माझा हात लागला होता, तो तिनं काढला होता. मला ते दिसलं, आणि मला दिसलं हे तिलाही दिसलं. तिनं घागर पूर्वीसारखीच लांब, जळक्या कनातीच्या कडेला ठेवली, फडकं बांधलं आणि तिकिटाला हात पुढं केला. मी तिकीट फाडून दिलं. ती दोन पावलं आत गेली आणि मागं न बघता म्हणाली, "ध्यान ठिव गं तिच्यावर."

मग ती पार पुढं जाऊन पडद्याकडं तोंड करून बसली.