फळ्यावरचा धूर

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा अहेरीत विद्यापीठाचं तर्कशास्त्राचं उन्हाळी शिबिर भरलं. तिथला शिपाई फळा पुसण्याआधी रोज मला विचारायचा, “भाऊ, हे खरं हाय, का फळ्यावरचंच?” आम्ही पोरं हसायचो.

एकदा सरांनी लिहिलं, ‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे.’ खिडकीतून समोरच्या डोंगरावर खरंच धूर दिसत होता. “उदाहरण आयतंच मिळालं,” सर म्हणाले. आम्ही लिहून घेतलं.

तेवढ्यात शिपाई माठात पाणी भरायला आला. खिडकीपाशी थबकला. घागर हळूच खाली ठेवली.

“सर, हे फळ्यावरचं नाई. तिथी माहं गाव हाय.”

तो पळत सुटला. मी वहीकडे पाहिलं. ‘म्हणून तिथे आग आहे’ याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.