खंडोबाची समुद्रातली आंघोळ

“ए हल्या! सर म्हन्ते ना मागं! कोनाचं जनावर हाय हे? बांधून ठेवता येत न्हाई का?”

आमची आई उघड्या जीपमध्ये उभी राहून ओरडत होती. समोर रस्ता अडवून उभा होता तो काही कुणाचा सुटलेला हल्या, म्हणजे रेडा, नव्हता. तो दांडेलीच्या जंगलातला गवा होता, आणि अंगानं असा, की जुन्या जालन्यातल्या गल्लीत शिरला असता तर दोन्ही बाजूंची दुकानं मागं सरकवावी लागली असती. जंगलखात्याचा गाइड पांढराफटक पडला. “आजी, पाया पडतो, गप बसा, जीप उलटवतो तो!” आई कुठली गप बसते? तिचा जन्म मेंढरं अन् म्हशी हाकण्यात गेलेला. तिनं जिभेनं असा काही टर्रर्र आवाज काढला, की झाडावरची माकडंसुद्धा सरळ बसली. गव्यानं मान हलवली आणि मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा निमूट झाडीत गेला. आईनं कमरेची पुरचुंडी चाचपली. म्हणाली, “देव संगं हाय. मंग कशाला भ्यायचं?”

त्या पुरचुंडीत आमचा खंडोबा होता. केदारखेड्यातल्या घरून आम्ही सगळेच निघालो, दिवा लावायला मागं कुणी उरलं नाही, म्हणून आईनं देवघरातला चांदीचा टाक भंडाऱ्यासकट फडक्यात बांधून कमरेला लावला होता. अंगठ्याएवढा टाक, घोड्यावरचा खंडोबा झिजून झिजून आता घोडा कुठला अन् देव कुठला तेही ओळखू येत नाही. माझे आजे-पणजे मेंढरांमागं फिरायचे तेव्हा हाच देव त्यांच्याबरोबर फिरला. वाटेत नदी लागली की त्याला आंघोळ घालायची ही आमच्या घरची रीत. वडिलांनी गोदावरी केली, भीमा केली. समुद्र तेवढा राहिला, आणि ते गेले. ती आंघोळ घालायची म्हणूनच आई आमच्याबरोबर यायला तयार झाली होती.

मी मात्र देव-बिव काही मनात धरून निघालो नव्हतो. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहणारा माणूस मी. माझ्या मते देवालाही तिथं घाम फुटेल. मला जंगल पाहायचं होतं, समुद्रात डुंबायचं होतं, आणि परत येऊन गावाला जळवायचं होतं. मेव्हणा बंडूची जीप, बायको सुमन, आई आणि मी असे बीड, सोलापूर, विजापूर करत निघालो. वाटेत मी आईला चिडवायचो, “देवाचं तिकीट काढलं का?” ती पुरचुंडीची गाठ आवळायची.

घाट उतरून कारवारच्या बाजूला आलो आणि समुद्र दिसला. काय सांगू! एवढं पाणी! आमच्या जालन्याचे सगळे टँकर वर्षभर रिकामे केले तरी त्याची एक चूळ भरणार नाही. बंडू शर्टासकट धावत सुटला. सुमन चपला हातात घेऊन ओरडत होती, “अहो, पायाखालची माती पळून राह्यली!” मी तर लाटेत असा लोळलो, की पुढं आठवडाभर माझ्या कानातून वाळू निघाली. आई पदर खोचत होती. मग म्हणाली, “आधी देव. मंग तुमचा धिंगाना.”

नदीवर आमची पद्धत अशी, की एकानं ताटलीत देव घेऊन काठाच्या पाण्यात बसायचं आणि दुसऱ्यानं वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला उपरणं पसरून उभं राहायचं. देव निसटलाच तर उपरण्यात येतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. बंडूनं टॉवेल पसरला आणि विचारलं, “दाजी, ह्याचं खालचं अंग कुन्हीकडं?” मी समुद्राकडं नीट पाहिलं. मोठ्या जाणकारासारखा डावीकडं हात केला. म्हटलं, “बराबर तिकडं. उतार दिसून राह्यला न्हाई का?”

आईनं टाक ताटलीत ठेवला, वर भंडारा वाहिला आणि ओंजळीनं पाणी घातलं. तेवढ्यात समोरून लाट आली. नदी कधी अशी समोरून अंगावर येत नाही हो! ताटली उलटली, आई मागं पडली, आणि पाणी परत गेलं तेव्हा ताटली रिकामी होती. डावीकडं बंडू टॉवेल धरून उभा होता, जणू लाट आता त्यात देव आणून घालणार आहे.

मग आम्ही जे शोधलं! गुडघ्यावर रांगलो, वाळू चाळली, फिरायला आलेली अनोळखी माणसंही आमच्याबरोबर वाकून शोधू लागली. आई ओली तशीच बसली होती. रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं ज्याला पाणी घातल्याशिवाय घोट घेतला नाही, तो देव मी दाखवलेल्या खालच्या अंगानं गेला होता. माझी सगळी मस्ती उतरली. भट्टीपुढंही कधी फुटला नव्हता एवढा घाम त्या वाऱ्यात फुटला. त्यात एक तांबडं कुत्रं सारखं पायात येत होतं. मी त्याला हाड करून हाकलायचो, ते लांबून चक्कर मारून परत यायचं.

ऊन कलायला लागलं तशी आई उठली. पुरचुंडीत उरलेला भंडारा तिनं मुठीत घेतला आणि पाण्यावर उधळला. “देवा, लई फिरलास आमच्यासंगं. तुला इथं ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. मी तुझ्या जागेवर दिवा लावीन.” एवढंच म्हणाली. आणि गाठोडं सोडून भाकरी काढली. पहिला तुकडा खंडोबाच्या कुत्र्याचा, ही तिची रोजची सवय. देव गेला तरी तिनं तो तुकडा बाजूला ठेवला आणि “यू, यू” करून हाक मारली.

कुत्रं आलं नाही. ते उजवीकडं, ओहोटीनं मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूत उकरत होतं, आणि ती वाळू थेट आमच्या चपलांवर उडत होती. मी चिडून “हाड!” करत धावलो. वाळूचा एक सपकारा माझ्या पायावर बसला आणि त्यात काहीतरी टणक लागलं. खाली पाहिलं. झिजलेला घोडा. खोबणीत अजून पिवळा भंडारा.

वाळू झटकून तो उचलला. मी टाक आईच्या हातावर ठेवला आणि पहिल्यांदा, कुणी न सांगता, वाकलो. आईनं देवाला पदरानं पुसलं, भाकरीचा तो तुकडा कुत्र्यापुढं टाकला. मी सगळं गाठोडंच त्याच्यापुढं मोकळं केलं. त्या दिवशी आम्ही उपाशी राहिलो, आणि तसं पोट माझं आयुष्यात कधी भरलं नव्हतं.

हे का झालं, कसं झालं, मला सांगता येत नाही. मी हातानं उपसून थकलो तोवर मिळालं नाही. आईनं मूठ उघडली तेव्हा मिळालं. आता रोज कामावर जाताना मीही देवाला पाणी घालतो. घाईत घालतो, पण घालतो.

गावात मात्र माझ्यानं गप्प बसवत नाही. पारावर सांगताना कुत्रं वासराएवढं झालंय, कपाळावर भंडाऱ्याचा टिळा आलाय, आणि परवा तर ते लाटेवरून चालत आलं. शेजारच्या म्हाताऱ्या आबांनी शेवटी आईलाच गाठलं. “वहिनी, तुम्ही तिथं होत्या. ते कोन होतं, खरं सांगा.”

आई दारात ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “कुत्रं होतं. भाकर खाल्ली, गेलं.”